बारा, तेरा, बारा, चौदा

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मी बरीच वर्षं खोटे आकडे लिहीत होतो. रोज, सुवाच्य अक्षरात, सहीनिशी. आणि इतके छान लिहायचो की एकाही ऑडिटरला कधी शंका आली नाही. उलट एका ऑडिटरनं माझं रजिस्टर उचलून बाकीच्या सुपरवायझरांना दाखवलं होतं, नोंदी अशा ठेवत जा म्हणून. त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेलो होतो. आता आठवलं की कान गरम होतात.

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. पत्र्याचा तुकडा प्रेसखाली ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरचा लोखंडी ठोकळा दणकन खाली येतो आणि पत्र्याला गाडीच्या एखाद्या भागाचा आकार मिळतो. मग ठोकळा वर जाऊन थांबतो. ऑपरेटर हात आत घालून तयार भाग काढतो, नवा तुकडा ठेवतो. असं दिवसभर. आमच्याकडे असे नऊ प्रेस आहेत आणि त्यांचा आवाज इतका की कासारवाडीला घरी गेल्यावरही मी तासभर ओरडूनच बोलतो. बायको म्हणते, अहो, मी काय दुसऱ्या टोकाला उभी आहे का?

आता जे सांगतोय ते नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. ठोकळा वर गेल्यावर जागच्या जागी थांबायला हवा. ब्रेक झिजला की तो थांबत नाही, थोडा पुढे सरकतो, म्हणजे परत खाली यायच्या वाटेला लागतो. किती सरकला ते मशीनच्या बाजूला असलेल्या तबकडीवर काटा दाखवतो. पंधरा अंशांपर्यंत ठीक. वीसच्या वर गेला तर मशीन बंद करायचं, मग कस्टमर दारात येऊन बसला तरी चालेल. हे रोज पहिल्या शिफ्टला तपासायचं असतं. मशीन रिकामं चालवायचं, काटा बघायचा, आकडा मशीनवरच्या पाटीवर लिहायचा आणि मग रजिस्टरात चढवायचा.

पहिलं वर्ष मी प्रामाणिकपणे केलं. पण नऊ मशीन रिकामी चालवायची म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं जायची, आणि मॅनेजर हाताची घडी घालून माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या मुलीचं लग्न मोडलंय. तेव्हा माझा सीनिअर, बिचारा आता रिटायर होऊन गावी शेती बघतो, त्यानं मला बाजूला घेऊन ज्ञान दिलं. सगळीकडे बारा लिहू नकोस राव, म्हणाला, ऑडिटर काही येडा नसतो. बारा, तेरा, बारा, चौदा असं लिही. मधेच एखादं अकरा टाक. महिन्यातून एकदा पंधरा लिही आणि पुढे 'ऑइलिंग केले' असा शेरा मार.

मी चांगला शिष्य निघालो. सकाळी चालता चालता पाटीवर आकडा टाकायचो, मशीनकडे न बघता. बुधवारी जेवण झालं की रजिस्टर घेऊन बसायचो, कारण गुरुवारी आमची सुट्टी. आठवड्याच्या नऊ मशीनच्या नोंदी एका बैठकीत. एकाच पेनानं लिहिलं तर कळतं म्हणून निळं आणि काळं अशी दोन पेनं ठेवली होती. मधूनच ग्रीसचा अंगठा पानावर उमटवायचो, म्हणजे रजिस्टर मशीनपाशी उभं राहून लिहिलंय असं वाटावं. याला आमच्याकडे पाट्या टाकणं म्हणतात, पण मी पाट्याही कलाकुसरीनं टाकत होतो. आणि कुणाला काही झालं नव्हतं, त्यामुळे मनाला टोचतही नव्हतं.

गेल्या वर्षी मालकांनी ठरवलं की कारखाना स्मार्ट करायचा. कॅन्टीनच्या दाराशी मोठा टीव्ही लागला. मशीनांना एकेक करून सेन्सर बसणार होते, कुठलं मशीन कधी थकणार हे कॉम्प्युटर आधीच सांगणार होता. त्या कामासाठी माणच्या एका आयटी कंपनीतून एक इंजिनिअर मुलगी यायला लागली. माझ्या थोरलीपेक्षा एक-दोन वर्षांनी मोठी असेल, पण मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती मला सर. तिनं पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की सेन्सर नवे आहेत, त्यांना मागचं काहीच माहीत नाही, पण तुमच्या कंपनीचं सगळं शहाणपण या जुन्या रजिस्टरांत पडून आहे, ते मला द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. एवढंच नाही, सहा वर्षांची रजिस्टरं मी स्वतः दोन फेऱ्यांत उचलून तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. काय म्हणावं माझ्या अकलेला? तिनं एक पान उलटून बघितलं आणि म्हणाली, सर, किती नीट लिहिलंय हो. मी मान तिरकी करून हसलो.

दीड महिन्यानं एका सोमवारी दुपारी टीव्हीवर यादी आली. नऊ मशीन, ज्याच्या ब्रेकचं काम आधी करायचं ते वर, लाल रंगात. मग पिवळी. सगळ्यात खाली, हिरवंगार, तीन नंबर. त्याचं काम पुढच्या वर्षी, सेन्सरही सगळ्यात शेवटी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आधार: सहा वर्षांच्या नोंदी. मी हातात ताट घेऊन ते वाचलं आणि ताट तसंच परत ठेवून आलो. तीन नंबर हिरवं का? तर त्याचा आकडा माझ्या मनात नेहमी चांगला यायचा. मशीन कोपऱ्यात होतं, दिसायला नीटनेटकं होतं, त्यावरचा ऑपरेटर कधी कुरकुर करत नसे. म्हणून मी त्याला सढळ हातानं अकरा-बारा देत आलो होतो, तेरा फार झाले. कॉम्प्युटरनं माझी मर्जी वाचली आणि त्याला वाटलं, आपण मशीन वाचतोय.

तीन नंबरवर जो ऑपरेटर आहे तो चाकणजवळच्याच एका गावचा. त्याच्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली आणि पोरगा मशीनवर आला, असं घर. सतरा वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. दिवसातून किती वेळा त्याचे हात त्या ठोकळ्याखाली जातात याचा हिशेब मी त्या दुपारी करायला बसलो आणि अर्ध्यातच सोडून दिला. माझी नोकरी गेली असती तर गेली असती. पण त्याचे हात गेले असते तर ते मी कुठून आणून देणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा पहिल्या शिफ्टला निघालो. कंपनीच्या बसमध्ये मोशीपर्यंत मी घोरत असतो, सगळी बस साक्षीला आहे. त्या सकाळी टक्क जागा. नाशिक फाट्याला, मी बसची वाट बघतो तिथं, हवेच्या प्रदूषणाचा आकडा दाखवणारा एक डिजिटल बोर्ड आहे. त्याच्याकडे बघताना मला दर वेळी एकच शंका यायची, की हा आकडा कुणीतरी आत बसून लिहीत असणार, बारा, तेरा, बारा, चौदा. चोराला सगळे चोर दिसतात ते असं. इंद्रायणीचा पूल गेला, ट्रॅफिक लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ट्रॅफिक अजून असू दे.

शॉपमध्ये शिरल्यावर मी सरळ तीन नंबरला गेलो. ऑपरेटरला म्हटलं, थांब जरा, रिकामं चालवून दाखव. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बटणं दाबली. ठोकळा खाली आला, वर गेला. काटा सव्वीसवर. म्हटलं, परत. सत्तावीस. परत. एकोणतीस. पाटीवर माझ्याच अक्षरात आदल्या दिवशीचे बारा होते. मी बाहीनं ते पुसले, मशीनला लाल टॅग लावला आणि ऑपरेटरला सात नंबरवर मदतीला पाठवलं. सात नंबरही मी आधी रिकामं चालवून बघितलं. तिथं चौदा होते, खरे चौदा.

माझा पहिला विचार काय होता, तोही लपवत नाही. गुपचूप ब्रेक बदलून घ्यावा आणि गप्प बसावं. मेंटेनन्सला चाचा आहेत, चिखलीच्या बाजूला राहतात, माझ्याआधीपासून कंपनीत आहेत आणि त्यांच्यासमोर मशीन खोटं बोलत नाही. त्यांना म्हटलं, चाचा, तीन नंबरचा ब्रेक आज घ्या ना हातात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टॅब उघडला. म्हणाले, हे तर हिरवं आहे भाई. चार लाल मशीन सोडून मी हिरव्याला पाना लावला तर सिस्टीम मला कारण विचारते, कारण भरल्याशिवाय ब्रेकचा नवा लायनर स्टोअरमधून सुटत नाही. पूर्वी माझ्या शब्दावर सुटायचा. आता कारण लागतं. तू सांग, काय लिहू?

मी म्हटलं, अचानक बिघडला असं लिहा.

चाचा तीन नंबरपाशी गेले, बॅटरी मारून ब्रेकमध्ये डोकावले आणि परत येऊन हळूच म्हणाले, "हे अचानक नाही. हे दीड-दोन वर्षांचं आहे. खोटं मी लिहिणार नाही, तुझं तू बघ."

तोवर मॅनेजरचा फोन सुरू झाला. तीन नंबरचे भाग दुपारच्या गाडीत जायचे होते. हिरवं मशीन बंद का, हा त्याचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर होता. आणखीही एक गोष्ट मला तेव्हा तिथं उभ्या उभ्या कळली. तीन नंबर गुपचूप दुरुस्त झालं असतं तरी बाकीच्या आठांचे आकडेही माझेच होते. लाल, पिवळं, हिरवं, सगळं माझ्या दोन पेनांतून आलेलं. त्या यादीवर उद्या प्लँट हेडची सही होणार होती आणि वर्षभर सगळे त्याच यादीनं चालणार होते. चाचांना म्हटलं, कारण मी घेऊन येतो, आणि जिना चढून वर गेलो.

मॅडम लॅपटॉपवर होत्या. मी दार लोटून घेतलं आणि बसायच्या आधीच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, मॅडम, ती रजिस्टरं खोटी आहेत. तिला आधी वाटलं, स्कॅन चुकलंय. मी म्हटलं, स्कॅन बरोबर आहे, माणूस चुकलाय. मग सगळं सांगितलं. बुधवारची बैठक, दोन पेनं, ग्रीसचा अंगठा. अंगठ्यापाशी आल्यावर मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत बोलत राहिलो.

मग तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. म्हणाली, तिला एकच गोष्ट खटकली होती. दसऱ्याच्या दिवशी कारखान्याचं वीज मीटर जवळजवळ शून्य दाखवत होतं, पण माझ्या रजिस्टरात त्या दिवशी नऊच्या नऊ मशीनचे आकडे होते. सहाच्या सहा वर्षं. मी कपाळावर हात मारला. दसऱ्याला आमच्याकडे एकही मशीन चालत नाही. धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतो, हळद-कुंकू वाहतो, पूजा होते, मिठाई वाटली जाते आणि सगळे घरी जातात. आणि मी पठ्ठ्या, पुढच्या बुधवारी भराभर रकाने भरताना माळ घातलेल्या मशीनचाही काटा बघितल्यासारखे तेरा लिहून मोकळा.

"मग तेव्हाच तुम्ही विचारलं का नाही?" मी तिला म्हटलं. आवाज उगाच चढला. चूक माझी आणि मी तिच्यावर चिडत होतो, हा माझा स्वभावच आहे.

"मला वाटलं तारीख चुकून पुढेमागे झाली असेल," ती म्हणाली. "बाकी सगळं इतकं नीट होतं सर, की मी तेवढे सहा दिवस काढून टाकले. आमच्याकडे त्याला डेटा साफ करणं म्हणतात."

तिचा चेहरा उतरला होता. म्हणजे मी घाण करून ठेवली होती आणि या मुलीनं विश्वासानं ती झाडून चकचकीत केली होती. मी म्हटलं, तुमचा दोष नाही. ती म्हणाली, थोडा आहे, मी एकदा तरी खाली येऊन काटा बघायला हवा होता. मग आम्ही दोघं प्लँट हेडकडे गेलो. मी एकटा जातो म्हणत होतो, पण ती ऐकेना.

प्लँट हेड रागीट माणूस. मी सांगत असताना ते टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते, आणि ते थांबलं तेव्हा मला वाटलं, आता उठतील आणि गेटपर्यंत सोडतील. त्यांनी विचारलं, काटा आज किती होता? म्हटलं, एकोणतीस. त्यांनी विचारलं, त्या मशीनवर आत्ता कोण आहे? म्हटलं, कुणी नाही, मी सकाळीच टॅग लावलाय. त्यांनी श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी मला जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. पण सुनावता सुनावताच त्यांनी फोन उचलून मॅनेजरला सांगितलं की दुपारची गाडी उशिरा जाईल, आणि दुसऱ्या फोनवर चाचांना सांगितलं, लायनर माझ्या नावावर काढा.

यादी रद्द झाली. माझी रजिस्टरं कॉम्प्युटरमधून काढून टाकली. त्या दिवशी उरलेली मशीनं एकेक करून रिकामी चालवली, आकडा मॅडमनं स्वतः वाकून बघितला आणि चाचांनी मोठ्यानं म्हटल्यावरच लिहिला. तीन नंबर सोडून आणखी एकच वीसच्या वर निघालं, तेही बंद केलं. ज्यांना लाल केलं होतं ती बिचारी ठणठणीत होती. सेन्सर आधी कुठं बसवायचे तेही बदललं. मला मेमो मिळाला, फाइलला लागला, आणि तो मेमो मी घरी नेऊन बायकोला दाखवला. तिनं वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, अहो, यात हसण्यासारखं काय आहे? काय सांगणार तिला? किती दिवसांनी माझ्या नावाखाली लिहिलेलं सगळं खरं होतं, एवढंच होतं. जीव भांड्यात पडला होता. त्या संध्याकाळी मी दोन वाट्या वरण जास्त जेवलो.

एक काम मात्र राहिलं होतं आणि ते मेमोपेक्षा अवघड होतं. शुक्रवारी नवा ब्रेक बसला, सेन्सरही बसला, काटा अकरावर थांबायला लागला. चहाच्या सुट्टीत मी ऑपरेटरला बाहेर कट्ट्यावर गाठलं. त्याला सगळं कुजबुजीतून कळलेलं असणार, पण माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी सांगितलं. तुझ्या पाटीवरचा आकडा मी कधी बघून लिहिला नाही, म्हटलं. माफ कर असं म्हणायचं होतं, पण ते आमच्या तोंडात सहज येत नाही, त्यामुळे मी चहाचा कप उगाच हलवत बसलो.

तो शांतपणे म्हणाला, "मला कळत व्हतं सायेब. ठोकळा जरा फुडं जायचा. म्हणून मी मनात एक म्हणायचो, अन् मगच हात घालायचो. तसा नेम धरला व्हता."

म्हणजे दीड-दोन वर्षं त्या मशीनचा ब्रेक हा माणूस होता, मनातल्या मनात 'एक' म्हणणारा. मी जवळजवळ त्याच्यावर खेकसलोच. कळत होतं तर बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का कुणी?

"कसं बोलू?" तो म्हणाला. "तुमी रोज पाटीवर बारा लिवता, खाली सही करता. मला वाटलं, सायेब तर तपासून लिवतात, मग आपल्यालाच उशिरा दिसतंय. डोळं गेलं असत्याल. म्हणून तर गेल्या साली चष्मा लावला न्हाई का."

वर्षभर तो चष्मा मी रोज बघत होतो. वय झालं रे तुझं, म्हणून एकदोनदा चेष्टाही केली होती. त्याचे डोळे बरोबर होते, काटा बरोबर होता, आणि माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून तो बिचारा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसला होता. मी कप खाली ठेवला, त्याचे दोन्ही हात ओढून घेतले आणि माझ्या मांडीवर पालथे ठेवले. आजूबाजूचे बघायला लागले. त्यानं हसून विचारलं, काय सायेब, भविष्य सांगता का काय आता?

मी म्हटलं, "नाही रे. मोजतोय."

दहा होती.